दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधली सुट्टी: बोटीवरून घरी येणाऱ्यांसाठी

मर्चंट नेव्हीतल्या बहुतेकांची सुट्टी बिनपगारी असते. साइन ऑफच्या, म्हणजे बोटीवरून उतरण्याच्या दिवशी पगार थांबतो आणि पुढची बोट कधी मिळेल ते मॅनिंग ऑफिस (जहाजांवर माणसं पाठवणारं ऑफिस) ठरवतं. तीन महिने म्हणून आलेला माणूस कधी सहा महिने घरी बसतो, तर कधी पाचव्या आठवड्यातच फोन येतो, "सोमवारी जॉइन करायचंय, जमेल का?" त्या फोनला तुम्ही 'हो' म्हणू शकता की नाही, ते सुट्टीच्या पहिल्या पंधरा दिवसांत तुम्ही काय केलं यावर ठरतं. म्हणून सल्ला सरळ आहे. पहिला पंधरवडा कागद, बँक आणि तब्येतीला द्या, उरलेली सुट्टी घराला. बरेच जण उलट करतात. आधी दोन महिने आराम, मग फोन आला की धावपळ. त्यात एखादं सर्टिफिकेट संपलेलं निघतं आणि बोट दुसऱ्याला जाते.

उतरण्याआधी, जहाजावरच

गँगवे उतरला की कॅप्टन, चीफ इंजिनिअर, जहाजाचा शिक्का सगळं मागे राहतं. नंतर चूक दुरुस्त करून घ्यायला महिने लागतात. त्यामुळे साइन ऑफच्या किमान दोन दिवस आधी सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) हातात घेऊन शेवटची नोंद ओळ न् ओळ वाचा. जहाजाचं नाव आणि आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक), ग्रॉस टनेज (जहाजाचा आकार), इंजिनवाल्यांसाठी किलोवॅट (इंजिनची ताकद), जॉइन झाल्याची तारीख व बंदर, उतरल्याची तारीख व बंदर, रँक, कॅप्टनची सही आणि शिक्का. नेहमी चुकतात त्या तीन गोष्टी. किलोवॅटचा रकाना रिकामा राहतो आणि पुढे परीक्षेला बसताना तो सी टाइम (जहाजावर काढलेला काळ) मोजला जात नाही. रँक जुनीच लिहिली जाते. ओएस (साधा खलाशी) म्हणून चढून मधेच एबी (वरच्या रँकचा खलाशी) झालेल्याच्या बाबतीत हे हमखास होतं. आणि शिक्का नेमका तारखेवर पडून आकडा वाचता येत नाही. चूक दिसली तर खाडाखोड चालवून घेऊ नका. कॅप्टनकडून दुरुस्ती, तिच्या शेजारी सही आणि पुन्हा शिक्का घ्या.

सीडीसीखेरीज सी सर्व्हिसचं वेगळं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर मागून घ्या. टँकरवाल्यांनी त्यात कोणता माल वाहिला ते लिहून घ्यावं, कारण टँकरच्या वरच्या कोर्सला तोच पुरावा लागतो. तुमच्या जॉइनिंगची आणि साइन ऑफची नोंद आरपीएसएल (खलाशी भरतीचा सरकारी परवाना) असलेल्या कंपनीने डीजी शिपिंगच्या (सरकारच्या जहाज वाहतूक खात्याच्या) प्रणालीत ऑनलाइन करायची असते. घरी आल्यावर आठवडाभराने इंडोस क्रमांकाने (खलाशाच्या नोंदणी क्रमांकाने) लॉगिन करून ती दिसते का ते बघा. दिसत नसेल तर त्याच कंपनीत नोकरी असेपर्यंत पाठपुरावा सोपा असतो. कंपनी बदलल्यावर जुन्या ऑफिसात तुमचा फोन कोणी उचलत नाही.

दुसरा कागद म्हणजे पगाराचा शेवटचा हिशोब. त्यात बेसिक, ठरलेला ओव्हरटाइम, जास्तीचा ओव्हरटाइम, लीव्ह वेजेस (रजेचा पगार, जो उतरतानाच हिशोबात मिळतो), घरी पाठवलेली अलॉटमेंट, घेतलेली उचल आणि स्लॉप चेस्टचं (जहाजावरच्या दुकानाचं) बिल एवढं वेगवेगळं दिसायला हवं. चूक लीव्ह वेजेसमध्ये जास्त होते. हिशोब असा. बेसिक ६०० डॉलर, करारात महिन्याला ६ दिवस रजा, कॉन्ट्रॅक्ट ९ महिन्यांचा. रोजचं बेसिक ६०० भागिले ३०, म्हणजे २० डॉलर. रजा ९ गुणिले ६, म्हणजे ५४ दिवस. लीव्ह वेजेस १,०८० डॉलर. तुमचे आकडे घालून स्वतः मांडा. मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शनप्रमाणे (खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे) महिन्याला किमान अडीच दिवस पगारी रजा मिळालीच पाहिजे. करारात याहून कमी लिहिलं असेल तर ते चालत नाही. कॉन्ट्रॅक्ट पूर्ण करून उतरताना परतीचं तिकीटही कंपनीचंच. घरी पोचेपर्यंत वाटेत किंवा तिकिटाची वाट बघत गेलेले दिवस रजेतून कापू नयेत, असंही त्या कन्व्हेन्शनच्या मार्गदर्शक सूचनांत आहे.

पगाराचा काही भाग कॅप्टनने रोख डॉलरमध्ये दिला असेल तर तसं सही-शिक्क्याचं पत्र घ्या. भारतात उतरताना ५,००० डॉलरपेक्षा जास्त नोटा किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून १०,००० डॉलरपेक्षा जास्त रक्कम असेल तर कस्टमला जाहीर करावी लागते. तो फॉर्म भरा, शिक्का घ्या आणि जपून ठेवा, कारण ते पैसे बँकेत भरताना बँक तोच फॉर्म मागते.

सामानाबद्दल थोडक्यात. ई-सिगारेट, व्हेप भारतात आणायला २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. ड्रोनच्या आयातीवरही बंदी आहे. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगला तर विमानतळावरच पोलीस केस होते. कोणी 'माझ्या भावाला दे' म्हणून पिशवीत काही टाकत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. आणि सोन्याची ड्युटी-फ्री सवलत एक वर्षापेक्षा जास्त परदेशात राहिलेल्यालाच मिळते. सहा-नऊ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवाल्याने दुबईला घेतलेल्या चेनवर ड्युटी भरायची तयारी ठेवावी.

ब्राझील, नायजेरिया, घाना अशा यलो फीव्हरच्या देशांतून थेट घरी येत असाल तर लसीचं पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत हवं. वैध कार्ड नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवतात. कार्ड आता आयुष्यभर चालतं, दर दहा वर्षांनी लस घ्यायची गरज नाही. मात्र पहिल्यांदा लस घेतली तर ती दहा दिवसांनंतर ग्राह्य धरतात. म्हणजे जॉइनिंगच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही.

एनआरआयचे दिवस: कॅलेंडर घेऊन बसा

सुट्टीतली सगळ्यात महागडी चूक इथे होते. आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. या वर्षात तुम्ही भारतात १८२ दिवस किंवा त्याहून जास्त राहिलात तर तुम्ही रहिवासी, आणि जहाजावरचा सगळा पगार भारतात करपात्र. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्या भारतीयाला १८१ दिवसांपर्यंत भारतात राहून एनआरआय राहता येतं. '१८३ दिवस बाहेर काढले की झालं' असं जहाजावर सर्रास ऐकू येतं. ते चूक आहे. वर्ष ३६५ दिवसांचं असेल तर बाहेर १८४ दिवस लागतात, आणि फेब्रुवारी २९ दिवसांचा असलेल्या वर्षात १८५. २०२७-२८ हे तसं वर्ष आहे. विमान भारतात उतरलं तो दिवस आणि भारतातून निघाला तो दिवस, दोन्ही भारतातले धरा. त्यावर वाद होऊ शकतो, पण तुमचा हिशोब वाद होण्याआधीच सुरक्षित असला पाहिजे.

एक उदाहरण आकड्यांनी करून बघू. समजा एप्रिल २०२६ पासून माणूस घरी आहे, २५ ऑगस्ट २०२६ ला निघाला आणि १० फेब्रुवारी २०२७ ला परत आला. एप्रिल ३०, मे ३१, जून ३०, जुलै ३१, ऑगस्ट २५, झाले १४७. परत आल्यावर फेब्रुवारीचे १९ आणि मार्चचे ३१, झाले ५०. एकूण १९७. साडेपाच महिने समुद्रात काढूनही एनआरआयपद गेलं. हाच माणूस ९ ऑगस्टला निघाला असता तर बेरीज बरोबर १८१ आली असती. सोळा दिवसांचा प्रश्न होता. जून-जुलैत क्रू मॅनेजरशी बोलून पंधरा-वीस दिवस आधीची बोट मागता आली असती, किंवा परतीच्या वेळी कॉन्ट्रॅक्ट थोडं वाढवून घेता आलं असतं. ही बोलणी फेब्रुवारीत विमान उतरल्यावर होत नाहीत. त्यामुळे घरी आल्याबरोबर कागदावर मांडा, की या आर्थिक वर्षात आत्तापर्यंत भारतात किती दिवस झाले, अजून किती उरलेत, आणि त्यावरून निघायची शेवटची तारीख कोणती. ती तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, म्हणजे घरच्यांनाही कळेल.

पुरावा म्हणजे पासपोर्टवरचे इमिग्रेशनचे शिक्के. शिक्का पुसट उमटला तर काउंटर सोडण्याआधी पुन्हा मारून घ्या आणि घरी येऊन फोटो काढून ठेवा. भारतीय बंदरातून परदेशी फेरीच्या जहाजावर चढणाऱ्यांसाठी वेगळा नियम आहे. त्यांचे दिवस सीडीसीतल्या जॉइनिंग आणि साइन ऑफच्या तारखांवरून मोजतात. सीडीसीची नोंद ओळ न् ओळ वाचायला वर सांगितलं ते यासाठीही. फक्त भारताच्या किनाऱ्यावर फिरणाऱ्या जहाजाचे दिवस मात्र बाहेरचे धरले जात नाहीत.

एनआरआय असलेल्या खलाशाचा परदेशी फेरीतला पगार एनआरई खात्यात (एनआरआयच्या परदेशी कमाईच्या भारतातल्या खात्यात) जमा झाला म्हणून करपात्र होत नाही, हे प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ च्या परिपत्रक क्रमांक १३ मध्ये स्पष्ट केलं आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे क्रमांक बदलले, पण १८२ दिवसांची मूळ चौकट तीच आहे. भारतातलं उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज, शेअरची विक्री वगैरे, वर्षाला १५ लाखांच्या वर जात असेल तर मर्यादा आणि नियम बदलतात. तिथे स्वतः गणित करू नका, खलाशांचं काम करणाऱ्या सीएकडे जा. कर लागत नसला तरी रिटर्न भरत राहा. घरकर्ज मागायला गेल्यावर बँक तीन वर्षांची रिटर्न मागते आणि तेव्हा ती मागच्या तारखेने भरता येत नाहीत.

पैसा

पगार एनआरई खात्यात, भारतातलं उत्पन्न एनआरओ खात्यात. एनआरईचं व्याज करमुक्त, एनआरओच्या व्याजावर ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापला जातो. आंब्याचे पैसे, खोलीचं भाडं, भावाने परत केलेली उसनवार हे एनआरईत भरता येत नाही. एनआरआय झाल्यावर जुनं साधं बचत खातं तसंच चालू ठेवणं नियमाला धरून नाही. ते एनआरओ करून घ्यावं लागतं. त्यासाठी शाखेत जावं लागतं आणि कॉन्ट्रॅक्टची प्रत, सीडीसी, पासपोर्ट लागतो, म्हणून हे पहिल्या आठवड्याचं काम. पीपीएफचं जुनं खातं मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवीन उघडता येत नाही.

कोकणातल्या बऱ्याच जणांचा बेत कलमांची बाग घ्यायचा असतो. एनआरआय असताना शेतजमीन, बाग किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली जमीन ठेवता येते, कसता येते. दलाल हे सांगत नाहीत आणि व्यवहार होऊन गेल्यावर तो निस्तरणं फार अवघड असतं. बायको रहिवासी आणि शेतकरी असेल तर तिच्या नावाने घेता येईल का, हे आधी वकिलाला विचारा, मगच विसार द्या.

सुट्टीचं बजेट मांडताना ठरलेल्या सुट्टीत दोन महिने जास्त धरा. घरखर्च महिना ३५,००० असेल आणि सुट्टी तीन महिन्यांची असेल, तर पाच महिन्यांचे १,७५,००० वेगळे काढा. त्यात कोर्सची फी, मुंबईच्या फेऱ्या आणि राहणं, मेडिकल, विमा, शाळेची फी हे जास्तीचं. ही रक्कम बाजूला पडेपर्यंत गाडी, टीव्ही, गावचा मंडप, कशाचीही ऑर्डर देऊ नका. पहिल्या महिन्यात हात सैल सुटतो आणि चौथ्या महिन्यात तोच माणूस मिळेल त्या पगारावर मिळेल त्या कंपनीची बोट पकडतो. सुट्टीत हातात पैसा असणं म्हणजे वाईट कॉन्ट्रॅक्टला नाही म्हणता येणं.

कागदांच्या तारखा

एका वहीत किंवा मोबाइलवर प्रत्येक कागदाची संपायची तारीख लिहा आणि पुढचा कॉन्ट्रॅक्ट संपण्याच्या अंदाजी तारखेत सहा महिने मिळवून बघा. त्या तारखेआधी जे जे संपतं ते याच सुट्टीत करायचं. नऊ महिन्यांचा कॉन्ट्रॅक्ट तीन महिन्यांनी सुरू होणार असेल, तर आजपासून दीड वर्षाच्या आत संपणारा प्रत्येक कागद यात आला.

पासपोर्ट मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नवा करता येतो. खलाशाने नेहमी ६० पानी मागावा, ३६ पानी दोन-तीन कॉन्ट्रॅक्टमध्ये शिक्क्यांनी भरतो. गावचा पत्ता असेल तर पोलीस पडताळणीला तुम्ही घरी असायला हवं. अर्ज करून लगेच कोर्ससाठी मुंबईला गेलात आणि तेवढ्यात पोलीस येऊन गेले तर फाइल अडकते. जुन्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा शिल्लक असेल तर तो पासपोर्ट टाकू नका, दोन्ही मिळून चालतात. नवा क्रमांक डीजी शिपिंगच्या प्रोफाइलमध्ये आणि कंपनीकडे लगेच बदलून घ्या.

सीडीसीची मुदत दहा वर्षं. एसटीसीडब्ल्यूच्या (खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या) सुरक्षा प्रशिक्षणातले पीएसटी (पाण्यात जीव वाचवण्याचा कोर्स), फायर फायटिंग आणि ज्यांना लागू असेल त्यांचे सर्व्हायव्हल क्राफ्ट (जीवरक्षक नौका) व प्रगत अग्निशमन यांचे रिफ्रेशर दर पाच वर्षांनी लागतात. सीट आयत्या वेळी मिळत नाहीत, म्हणून घरी पोचल्यावर पहिला फोन ट्रेनिंग इन्स्टिट्यूटला करा. संस्था डीजी शिपिंगने मान्य केलेली आहे आणि तोच कोर्स तिच्या यादीत आहे, हे तपासून मगच पैसे भरा. फायर फायटिंगमध्ये धुराच्या खोलीत श्वसनयंत्र लावून काम करावं लागतं आणि पीएसटीत पाण्यात उडी मारावी लागते. ताप, कान फुटणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर तारीख पुढे ढकला, दांडी धरली गेली तर कोर्स पुन्हा करावा लागतो.

अधिकाऱ्यांच्या सीओसीलाही (पात्रतेच्या सर्टिफिकेटलाही) पाच वर्षांची मुदत असते. नूतनीकरणासाठी मागच्या पाच वर्षांत एकूण १२ महिने किंवा अर्जाआधीच्या लगतच्या सहा महिन्यांत तीन महिने सी टाइम हवा. घरच्या अडचणीमुळे लांब सुट्टी घेणाऱ्यांनी हे गणित आधी करावं.

व्हिसांपैकी अमेरिकेचा सी-वन-डी (जहाजावरच्या लोकांचा व्हिसा) सगळ्यात वेळखाऊ, कारण मुलाखतीची तारीख लवकर मिळत नाही. तो आहे म्हटल्यावर बोटींची निवड वाढते. ऑस्ट्रेलियाचा मेरीटाइम क्रू व्हिसा ऑनलाइन, फुकट आणि तीन वर्षांसाठी मिळतो, तो बोट ऑस्ट्रेलियाला जाणार नसली तरी काढून ठेवा. आणि हे लक्षात असू द्या, की नोकरी लावण्याबद्दल खलाशाकडून फी घेता येत नाही. पासपोर्ट, सीडीसी आणि कायद्याने लागणारं मेडिकल सर्टिफिकेट यांचाच खर्च तुमच्यावर पडू शकतो. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा.

मेडिकल: आधी घरी, मग क्लिनिकमध्ये

मेडिकल सर्टिफिकेट जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं, पण बहुतेक कंपन्या प्रत्येक जॉइनिंगआधी आपल्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडून नव्याने तपासतात. तिथे 'तात्पुरता अनफिट' असा शेरा पडला की तो कंपनीकडे राहतो. म्हणून पहिल्या पंधरवड्यात गावातल्याच लॅबमध्ये स्वतःच्या पैशाने तपासण्या करून घ्या. उपाशीपोटी साखर, एचबीए१सी, लिपिड, लिव्हरच्या तपासण्या, लघवी, आणि तीन वेगवेगळ्या दिवशी सकाळी बसून मोजलेलं बीपी. एचबीए१सी मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवते. जॉइनिंगच्या आधी आठ दिवस गोड बंद करून ती उतरत नाही. सुट्टीच्या सुरुवातीला ती वाढलेली दिसली तर आहार, चालणं, औषध यांना काम करायला वेळ मिळतो. लिव्हरचंही तसंच. सुट्टीतल्या बैठका मेडिकलच्या आदल्या आठवड्यापर्यंत चालल्या तर रिपोर्टमध्ये ते दिसतंच.

ड्रग टेस्टमध्ये निर्दोष माणूसही अडकतो तो तीन गोष्टींनी. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, होळी किंवा महाशिवरात्रीची भांग घातलेली थंडाई, आणि खसखस. खसखशीत अफूच्या बोंडाचे अंश असू शकतात आणि त्यामुळे लघवीची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. दिवाळीच्या आसपास मेडिकल असेल तर आधीचे तीन-चार दिवस अनारसे, खसखशीची खीर, खसखस वाटलेला रस्सा यांना हात लावू नका. भांग तर संपूर्ण सुट्टीत नको. तिचा अंश शरीरात आठवडेही राहू शकतो. कुठलंही औषध चालू असेल तर डॉक्टरची चिठ्ठी बरोबर ठेवा आणि नमुना देण्याआधी दाखवा.

दात. जहाजावर दाताचा डॉक्टर नसतो आणि अक्कलदाढ सुजली की पुढचं बंदर येईपर्यंत वेदनाशामक गोळ्यांवर काढावं लागतं. किडलेले दात भरून, रूट कॅनाल पूर्ण करून घ्या. अर्धवट रूट कॅनालवर टोपी न बसवता जाणं सगळ्यात वाईट. चष्म्याचा नंबर तपासा आणि चष्म्याची दुसरी जोडी करून घ्या. इंजिनरूममधल्यांनी कानाची तपासणी टाळू नये.

झोपेचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. बारा ते चारच्या वॉचवरून (पाळीवरून) उतरलेला माणूस पहिले आठ-दहा दिवस रात्री दोनला जागा होतो आणि दुपारी चिडचिडा असतो. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, सकाळी उन्हात चाला, आणि त्या दिवसांत घाट उतरणारी गाडी रात्री स्वतः चालवू नका.

घरी

नऊ महिने घर कोणीतरी चालवत होतं. मुलांची शाळा, सासूबाईंचं औषध, गॅस, गळणारं छप्पर, भावकीतला वाद, सगळं. आल्या आल्या त्या घडीत बदल करू नका. पहिल्या आठवड्यात एकदा निवांत बसून बायकोकडून सगळं ऐकून घ्या, लिहून घ्या, आणि त्यातलं जे तुम्ही असतानाच होऊ शकतं तेवढं स्वतःकडे घ्या. मुलांना अभ्यासावरून रागावण्याचं काम तर पहिला महिना तिच्याकडेच राहू द्या. लहान मूल ओळखायला वेळ घेतं. त्याला ओढून जवळ घेण्यापेक्षा रोज एकाच वेळी अंघोळ घालणं किंवा शाळेत सोडणं लवकर कामाला येतं.

तुम्ही असतानाच व्हावीत अशी कामं म्हणजे सह्यांची कामं. बँकेत, विम्यात नॉमिनी, आणि ऑफिसमध्ये नेक्स्ट ऑफ किन (सगळ्यात जवळचा नातेवाईक) म्हणून कोणाचं नाव आहे ते तपासा. लग्नानंतर कित्येकांच्या कागदांवर अजून आईवडिलांचंच नाव असतं. सातबाऱ्यावर वारस नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे अर्ज द्या. जागेचा व्यवहार, कर्ज, बांधकाम तुमच्या पाठीमागे होणार असेल तर मुखत्यारपत्र करून जा. ते सरसकट सगळ्या अधिकारांचं न करता ठरावीक कामापुरतं आणि मुदतीचं करा, आणि स्थावर मालमत्ता विकण्याचा अधिकार द्यायचा असेल तर नोंदणीकृतच हवं. बोटीवरून ते करायचं म्हणजे वकिलातीत जावं लागतं आणि बंदरात जहाज बारा तास थांबतं.

आधार ज्या मोबाइल नंबरशी जोडलंय तो नंबर जिवंत ठेवा. ९० दिवस काहीच वापर नसलेला नंबर कंपनी बंद करू शकते, आणि मग बँक, आयकर, डीजी शिपिंग कुठलाच ओटीपी येत नाही. ते सिम घरच्या एका साध्या फोनमध्ये ठेवून रिचार्जची तारीख घरच्यांना सांगून जा. एवढी एक गोष्ट केली तर अर्धी डोकेदुखी वाचते.

छपराची, कौलांची, शेवाळलेल्या भिंतींची कामं पावसाआधी. मे महिन्यात गवंडी मिळत नाही, म्हणून एप्रिलमध्ये घरी असाल तर तेव्हाच सांगून ठेवा. गणपतीला किंवा शिमग्याला गावी असायचंच असेल तर ते क्रू मॅनेजरला साइन ऑफच्या वेळीच लेखी कळवा, 'अमुक तारखेनंतर उपलब्ध' असं. आणि कोकण रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, गणपतीच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांत भरतात. उतरायची तारीख नक्की नसेल तर आदल्या दिवशीच्या तत्काळवर विसंबावं लागतं. एसीचं सकाळी १० ला, स्लीपरचं ११ ला.

पुढची बोट

उपलब्धतेची तारीख ईमेलने कळवा, व्हॉट्सॲपवर नुसता निरोप नको. नवीन कंपनी असेल तर तिचा आरपीएसएल क्रमांक डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावरच्या यादीत आहे का, परवाना चालू आहे का ते स्वतः बघा. खेड, मंडणगड, श्रीवर्धनपासून सावंतवाडीपर्यंत पोरांना 'दोन लाख द्या, बोट मिळेल' म्हणणारे एजंट फिरतात. पैसे मागितले की तिथेच विषय संपवा. मूळ पासपोर्ट आणि सीडीसी कोणाकडे द्यावीच लागली तर क्रमांक लिहिलेली, शिक्का मारलेली पोच घ्या. 'दुसरीकडे जाऊ नये म्हणून' कागद अडकवून ठेवणाऱ्या ऑफिसात पोच हाच तुमचा आधार असतो.

करारावर सही करण्याआधी चार गोष्टी बघा. कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं आणि अधिक-उणे किती. बेसिक किती आणि ओव्हरटाइमचे ठरलेले तास किती. महिन्याला रजा किती दिवस. परतीचं ठिकाण कोणतं लिहिलंय. 'मुंबई' लिहिलं असेल तर मुंबईपर्यंतचाच खर्च मिळतो. 'अधिक-उणे' कंपनीच्या मर्जीने असेल तर नऊ महिने दहा होतात आणि तुमचं १८२ दिवसांचं गणित हलतं. कधी तुमच्या बाजूने, कधी उलट.

निघताना

सगळे मूळ कागद हातातल्या बॅगेत, एकाच फोल्डरमध्ये. वर पासपोर्ट, सीडीसी, जॉइनिंग लेटर, तिकीट. त्यामागे करार, मेडिकल, पिवळं कार्ड. शेवटी कोर्सची सर्टिफिकेटं जुन्यापासून नव्यापर्यंत. इमिग्रेशनला वरचे चार लागतात, जहाजावर चीफ मेट किंवा कॅप्टन बाकीचे मागतो. सगळ्यांचे स्कॅन मोबाइलमध्ये, ईमेलमध्ये आणि घरच्या फोनमध्ये. सीडीसी असलेल्याला एमिग्रेशन क्लिअरन्स (नोकरीसाठी परदेशी जायची सरकारी परवानगी) लागत नाही, पण ती काउंटरवर दाखवावी लागते. चेक-इन बॅगेत गेली तर विमान चुकतं. दुबई वगैरे ठिकाणी जॉइन करायचं असेल तर 'ओके टू बोर्ड' (विमानात चढू द्यायची एअरलाइनची नोंद) टाकलंय का ते आदल्या संध्याकाळी ऑफिसला विचारा. सामानाचं वजन तिकिटावर वाचा, कारण खलाशांच्या तिकिटावर सहसा जास्त वजन असतं, पण पुढच्या देशांतर्गत विमानाचं वेगळं असू शकतं. चालू औषधं पूर्ण कॉन्ट्रॅक्ट अधिक एक महिना पुरतील एवढी घ्या, मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसकट.